पाव, नीम, पाऊण

आजीच्या लोखंडी ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, जमाखर्चाची एक लांबट वही आहे. पणजोबांची दृष्टी अधू झाल्यावर घरखर्च लिहिण्याचे काम त्यांनी धाकट्या सुनेकडे, म्हणजे माझ्या आजीकडे, सोपवले. ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती, अक्षर गोल होते आणि हिशेबात ती चुकत नसे. १९५६ ते १९५९ या वर्षांची ही वही गेल्या दिवाळीत मी पहिल्यांदा निवांतपणे उघडून पाहिली. आजी आता ८९ वर्षांची आहे. ती शेजारी बसून सांगत गेली आणि मी पाने उलटत गेलो.

वहीच्या सुरुवातीच्या पानांवर रुपयांचे आकडे आहेत, पण त्यापुढे आणे लिहिण्यासाठी आकडे नाहीत, रेघा आहेत. एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. त्यांच्यापुढे येणाऱ्या आडव्या रेघा एकेका आण्याच्या, आणि त्या तिनापेक्षा अधिक कधीच नसतात, कारण चौथी आडवी रेघ आली की तिची एक उभी रेघ होते. सात आणे लिहायचे तर एक उभी आणि तीन आडव्या. मला हे समजायला थोडा वेळ लागला, पण समजल्यावर त्या पद्धतीची सफाई पाहून मी थक्क झालो. पंधरा आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम सहा रेघांत मावते, आणि बेरीज करताना डोळ्यांना रेघा मोजण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

१९५७ च्या मध्यावर या रेघा विरळ होऊ लागतात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, हे शाळेत आपण एका ओळीत शिकलो. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै असा हिशेब होता. कायदा १९५५ सालीच झाला होता. पण वहीत तो १ एप्रिलला उमटलेला दिसत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत जुन्याच रेघा आहेत. जूनमध्ये एका नोंदीपुढे रेघा खोडून ४४ असा आकडा लिहिलेला आहे, आणि त्याच पानावर खाली पुन्हा रेघा आहेत. पोस्टात गेले की नवा हिशेब आणि गावातल्या दुकानात जुना, असे कित्येक महिने चालले, असे आजी सांगते.

तो ४४ चा आकडा मला फार बोलका वाटतो. सात आण्यांचे काटेकोर रूपांतर केले तर ४३ पूर्णांक ७५ शतांश नवे पैसे होतात. अपूर्णांक देता येणे शक्य नव्हते, म्हणून सरकारने रूपांतराचे कोष्टक ठरवून दिले होते : एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५, पाच आण्यांचे ३१, सहा आण्यांचे ३७, सात आण्यांचे ४४ आणि आठ आण्यांचे ५०. आता यात एक अडचण आहे. एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ नवे पैसे होतात आणि एकदम घेतल्या तर २५. तीन-तीन आण्यांच्या दोन वस्तू सुट्या घेतल्या तर ३८ आणि एकत्र घेतल्या तर ३७. एका पैशाचा हा फरक त्या काळी लहान नव्हता, आणि तो कधी दुकानदाराकडे तर कधी गिऱ्हाइकाकडे जाई. आजी म्हणते की त्या वर्षी कोणती वस्तू एकत्र घ्यायची आणि कोणती सुटी, याचा विचार करूनच ती बाजाराला निघे. वीस-एकवीस वर्षांची, चौथी शिकलेली मुलगी दोन गणनपद्धतींच्या सांध्यावर उभी राहून रोज हे मनातल्या मनात करत होती. त्या पिढीबद्दल बोलताना आपण ‘जुन्या वळणाचे लोक’ असे सहज म्हणतो, पण भर तारुण्यात मोजण्याची सगळी रीत बदलून घेण्याचा प्रसंग आपल्यावर कधी आलेला नाही.

‘नवे पैसे’ हे नाव अधिकृतपणे १ जून १९६४ पर्यंत टिकले. त्या दिवशी त्यातला ‘नवे’ हा शब्द गळाला आणि नुसता पैसा राहिला. बोलण्यात मात्र तो शब्द त्यानंतरही बरीच वर्षे ऐकू येत असे. आजीच्या करंड्यात अजून एक भोकाचा पैसा आहे. महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई होती म्हणून १९४३ ते १९४७ या काळात मधोमध भोक असलेला ब्राँझचा पैसा पाडला जात असे. लहान मुले तो दोऱ्यात ओवून ठेवत. तो नवा पैसा आल्यावर जुना झाला, आणि तो ज्यात मोजला जाई तो आणाही गेला.

रुपयाचे आणे सोळाच का, शेराचे छटाकही सोळाच का, पायलीचे शेर चारच का, हा प्रश्न मला लहानपणी पडला नव्हता, कारण तोवर ते सगळे इतिहासजमा झाले होते. वही पाहिल्यावर तो पडला. उत्तर तराजूत आहे. साधा दोन पारड्यांचा तराजू आणि एकच वजन एवढेच हाताशी असेल, तरी माणूस कोणत्याही मालाचे दोन समान भाग करू शकतो. त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे, त्याचे पुन्हा निम्मे. चार वेळा असे केले की सोळावा भाग हातात येतो. दहा समान भाग करणे तराजूला सहज जमत नाही. कापडाची घडी घालणाऱ्याला, दोरी दुमडणाऱ्याला, भाकरी मोडणाऱ्याला निम्मे आणि पाव हेच सुचते. सोळाचा हिशेब हा हातांनी केलेला हिशेब होता, आणि दहाचा हिशेब कागदाला सोपा पडतो. मला तरी या बदलाचे मर्म यातच दिसते.

हातांच्या त्या हिशेबासाठी पाढेही तसेच होते. दोन ते तीसपर्यंतचे पाढे तर होतेच, पण त्याशिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी होती. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा. ‘औट’ हा शब्द आज कोणी वापरत नाही, पण माणसाचा देह साडेतीन हातांचा मानतात, त्या देहाला जुन्या मराठीत औट हातांचा म्हणत, तोच हा औट. ही मुखोद्गत अपूर्णांकांची शिदोरी असलेल्या माणसाला ‘साडेतीन शेर, सव्वा रुपया शेर’ याचा हिशेब करायला कागद लागत नसे. सव्वाची साडेतीनपट म्हणजे साडेतीन आणि त्याचा पाव, म्हणजे साडेतीन आणि पाऊण आणि वर दोन आणे. चार रुपये सहा आणे. आजीने हे मला सांगितले तेव्हा तिच्या बोलण्याचा वेग मुळीच कमी झाला नव्हता. दशमान पद्धतीने गुणाकार सोपा केला हे खरे आहे, परंतु त्यामुळे हे पाढे निरुपयोगी झाले आणि एका पिढीच्या आत शाळेतून गेले. नाणी गेल्याचे दुःख मला फारसे होत नाही. नाणी बदलतच असतात. या पाढ्यांचे मात्र होते.

वजनमापांचा बदल नाण्यांच्या मागोमाग आला. १९५६ साली कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि १९६२ पर्यंत व्यवहारात त्याची सक्ती झाली. हा बदल न्याय्य होता, हे मला येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. जुन्या मापांबद्दल हळवेपणाने बोलणारे लोक हे विसरतात की शेर पक्काही होता आणि कच्चाही होता, आणि एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. धान्य विकायला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा फटका बसे. घेताना एक माप आणि देताना दुसरे, हे आजीच्या वडिलांनी भोगलेले होते, त्यामुळे किलोचे शिक्का मारलेले वजन आले तेव्हा तिच्या माहेरी त्याचे स्वागतच झाले. माझ्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

माप बदलले तरी शब्दांनी मात्र आपापली वाट धरली, आणि ती वाट फार विचार करण्यासारखी आहे. ज्या शब्दांना नव्या शंभरात किंवा हजारात नेमकी जागा मिळाली ते जगले, आणि ज्यांना मिळाली नाही ते गेले, असे मला या वहीतले शब्द ताडून पाहताना दिसले. पावली म्हणजे चार आणे; शंभराचा पाव २५ हा पूर्ण आकडा आहे, म्हणून २५ पैशांच्या नाण्याला लोक चार आणे म्हणत राहिले. पन्नास पैशांचे नाणे १९६० साली निघाले, ते आठ आणेच राहिले. पण चवली म्हणजे दोन आणे. तिचे साडेबारा पैसे होतात, तसे नाणे होणे शक्य नव्हते, आणि चवली आता ‘चवली-पावली’ या जोडशब्दातच उरली आहे. पै तर ‘पै-पै जमवून’ या शब्दप्रयोगातच आहे, आणि एक पै म्हणजे रुपयाचा १९२ वा भाग हे ती म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

काही शब्दांनी तर नाव तेच ठेवून आतला ऐवज बदलून घेतला. शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पाव २३३ ग्रॅम. आज भाजीवाल्याकडे ‘पावशेर मिरच्या’ मागितल्या तर तो २५० ग्रॅम तोलतो, आणि मागणाऱ्यालाही तेच अपेक्षित असते. पावशेर सतरा ग्रॅमने वाढला आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. तोळा उलट घटला. खरा तोळा ११ ग्रॅम ६६४ मिलिग्रॅम, पण आता घराघरांत तोळा म्हणजे दहा ग्रॅम असेच धरतात. आजीच्या लग्नातल्या पाटल्या ‘चार तोळ्यांच्या’ आहेत, आणि आईच्या ‘पाच तोळ्यांच्या’. दोन्ही वजनकाट्यावर ठेवल्या तेव्हा फरक एका तोळ्याचा न निघता जेमतेम साडेतीन ग्रॅमचा निघाला. आई चकित झाली. आजी मात्र शांतपणे म्हणाली, “माझे तोळे मोठे होते.”

नऊवारी हे असेच. वार म्हणजे तीन फूट, मीटरपेक्षा जवळजवळ नऊ सेंटिमीटरने आखूड. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडे कमी. कापडाच्या दुकानात १९६० च्या दशकातच मीटरपट्टी आली, तरी लुगड्याचे नाव बदलणे कोणाच्या मनातही आले नाही, आणि जन्मात कधी वार न मोजलेली आजची मुलगी लग्नात हौसेने नऊवारी नेसते. जमिनीचेही तेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते, पण बोलण्यात गुंठे आणि एकरच येतात. येथे योगायोग शब्दाच्या बाजूने आहे, कारण गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि एक आर त्याच्या इतका जवळचा आहे की बोलताना दोन्ही एकच मानले तरी फारसे बिघडत नाही.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जिवंत वाटणारा शब्द आणेवारी आहे. पीक सोळा आणे धरायचे आणि त्यांतले किती आणे हाती आले याचा अंदाज करायचा, ही महसुलाची जुनी पद्धत. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाचा शेतसारा तहकूब व्हावा, असा मुंबई इलाख्यात नियम होता, आणि १९१८ चा खेडा सत्याग्रह याच मोजणीवरून पेटला : शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकार म्हणत होते त्याहून जास्त आहे. आणे गेल्यावर या शब्दाला सरकारी कागदांत ‘पैसेवारी’ असे नवे नाव मिळाले आणि पन्नास पैशांची रेघ ठरली. तरीही दर वर्षी पाऊस हुकला की वर्तमानपत्रांत ‘आणेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी’ अशी बातमी येते. एकाच वाक्यात आणा आणि पैसा असे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी बसलेले असतात. आजी ती बातमी वाचताना पैशांचे आणे करते. तिच्यासाठी पन्नास पैशांचे पीक म्हणजे आठ आण्यांचे पीक, निम्मे पीक, आणि निम्मे म्हटल्यावर ते डोळ्यांपुढे उभे राहते.

३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. पावली त्या दिवशी दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा आजी एकवीस वर्षांची होती, दुसऱ्यांदा गेली तेव्हा पंचाहत्तर वर्षांची. ‘सोळा आणे खरे’, ‘बारा आणे काम झाले’, ‘शेरास सव्वाशेर’ हे सगळे आपण अजून म्हणतो. म्हणी आणि वाक्प्रचार नाण्यांपेक्षा टणक असतात, त्यामुळे त्यांची मला काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती पाव, सव्वा, साडे आणि पावणे या चार लहान शब्दांची. ते नाण्यांबरोबर गेले नाहीत. माझ्या पिढीने आणा पाहिलाच नाही, तरी आम्ही सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे आणि अडीचशे म्हणतच मोठे झालो, कारण घड्याळात काटे होते आणि घरात आजी होती. माझी मुलगी पाचवीत आहे. मागच्या महिन्यात मी तिला म्हणालो की पावणेसातला निघायचे आहे. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, “म्हणजे सहा पंचेचाळीस ना?” तिचे काही चुकले नव्हते. तिच्यासमोरच्या घड्याळात काटा नाही, चार आकडे आहेत, आणि ते आकडे डावीकडून उजवीकडे वाचले की सहा पंचेचाळीसच होतात. पावणेसात म्हणणारा माणूस येणाऱ्या सातकडे पाहत असतो आणि सातला किती उरले ते सांगत असतो. सहा पंचेचाळीस म्हणणारा सहा वाजून किती झाले ते सांगतो. दुकानात पैसे भरल्यावर लहानसे यंत्र मोठ्याने रक्कम बोलते, ते साडेसदतीस असे बोलत नाही. सदतीस रुपये पन्नास पैसे असे बोलते. अडीच किलोमीटरला मुले दोन पॉइंट पाच म्हणतात. १९५७ साली सुरू झालेला दशमानाचा बदल नाण्यांतून आणि वजनांतून होत होत आता या शब्दांपाशी येऊन पोहोचला आहे, असे मला वाटते. आजीने साठ-सत्तर वर्षांत आणा, शेर, वार, सगळे एकेक करून सोडून दिले, पण हे चार शब्द तिने सोडले नव्हते, कारण ते कोणत्याच मापाचे नव्हते. ते पाहण्याच्या रीतीचे होते.

भाषा बदलायचीच, आणि तिला दाव्याला बांधून ठेवू नये, हे मी मानतो. मुलीला मी रागावलो नाही. पण त्या रविवारी वही पुन्हा बाहेर काढली आणि आजीला म्हणालो, “औटकी म्हणून दाखव ना.”

आजीने डोळे मिटले. “एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा, पाच औट साडेसतरा, सहा औट एकवीस...” तिचा आवाज बारीक झाला आहे, पण ताल जसाच्या तसा आहे, एक ओळ साडेची आणि एक ओळ पूर्ण आकड्याची, असे हिंदोळे घेत पाढा पुढे जातो. मुलगी मांडी घालून समोर बसली होती आणि वहीत उतरवून घेत होती. ‘सात औट साडेचोवीस’ आले तेव्हा तिने २४.५ असे लिहिले. आजीने डोळे उघडले, वाकून वहीत पाहिले आणि विचारले, “हा ठिपका कसला?”

मुलीने समजावून सांगितले. आजीने ते नीट ऐकून घेतले, मान हलवली, मग तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्याच्या शेजारी आपल्या गोल अक्षरांत २४ लिहून त्यापुढे दोन उभ्या रेघा ओढल्या : २४॥.

“आता आठ औट?” मुलीने विचारले.

“अठ्ठावीस,” आजी म्हणाली. “त्याला रेघ नाही. पुढचं तू लिही.”

नऊ औट साडेएकतीस. मुलीने ३१ लिहिले, थोडी थांबली, आणि पुढे दोन उभ्या रेघा ओढल्या.